मिरजेत ऑपरेशनमध्ये काढलेल्या थायरॉईडच्या गाठीपासून सांगलीत सेल लाइन (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) बनवता येईल का, की आयती मागवावी?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बनवायच्या फंदात पडू नका. पॅपिलरीच्या (थायरॉईडच्या नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरच्या) पेशी फ्लास्कला चिकटतात, थोडे पॅसेज (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात लावणं) तग धरतात आणि थांबतात. तोवर उसात हराळी माजावी तसे फायब्रोब्लास्ट (गाठीतल्या आधार-ऊतीच्या साध्या पेशी) माजलेले असतात. अ‍ॅनाप्लास्टिकची (थायरॉईडच्या दुर्मीळ, फार आक्रमक कॅन्सरची) लाइन त्यामानानं लवकर धरते, पण तसा पेशंटच क्वचित मिळतो. आयती मागवा. कुठून, यावर मात्र माझं डोकं फिरतं.

सांगली सोडून मी एका लॅबमध्ये लागले तेव्हा तिथं ‘एआरओ’ लाइनवर सगळ्यांचं काम चाललेलं. ओळखीतून आलेली व्हायल, वर मार्करनं लिहिलेलं नाव, हाच तिचा दाखला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या रेबेका श्वेपी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. थायरॉईडच्या म्हणून वापरात असलेल्या ४० लाइन्सचं डीएनए प्रोफाइल काढलं, तर वेगळ्या अशा २३च निघाल्या. एआरओ म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची एचटी-२९! एनपीए आणि डीआरओ या लाइन्स मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या.

पेपर सरांपुढं ठेवला. म्हणाले, “आपल्या लाइनमध्ये बीरॅफ जीनचं म्युटेशन आहे ना? मग थायरॉईडचीच.” अहो, तेच म्युटेशन, व्ही६००ई, एचटी-२९ मध्येही आहे आणि मेलानोमाच्या ए-३७५ मध्येही. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला संशय आला नाही. थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशींचं खास प्रथिन) दिसत नाही म्हटलं, तर “कॅन्सर डीडिफरन्शिएट होतो, पोरी.” (म्हणजे पेशी मूळ अवयवाची ओळख गमावतात. हे खोटं नाही. खऱ्या लाइन्सही ते गमावतात, म्हणूनच अशा प्रथिनांवरून निवाडा करायचा नसतो.) एसटीआर टेस्टला (लाइन नक्की कोणती हे सांगणाऱ्या डीएनए प्रोफाइलला) पैसे मागितले, तर “सांगलीवाल्यांना शंका फार.” त्यानंतरही त्याच लाइनवर एक थिसिस झाला, थायरॉईडच्या नावानं. सर, वाचत असाल तर सांगते, शंका अजून तीच आहे.

तर, एसटीआर रिपोर्ट हातात आल्याशिवाय पहिला फ्लास्कसुद्धा लावू नका. गाइड नको म्हणाले तर गाइड बदला. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) रिपॉझिटरीत आधी विचारा. टीपीसी-१ (पॅपिलरीची) किंवा ८५०५सी (अ‍ॅनाप्लास्टिकची) लाइन मागवा. पहिलीत आरईटी/पीटीसी१ हा जोडून बनलेला जीन आहे, दुसरीत व्ही६००ई. मायकोप्लाझ्माही (कल्चरमध्ये नकळत शिरणारे जिवाणू) तपासून घ्या.

आणि हो, गाठच हवी असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची लेखी संमती लागतेच. ओटीतल्या ओळखीवर तुकडा आणू नका. शिवाय निदानासाठी तो आधी पॅथॉलॉजीला जातो, उरलं तर तुम्हाला. मेड्युलरीवर (थायरॉईडच्या सी-पेशींच्या कॅन्सरवर) काम असेल तर वरच्या दोन्ही लाइन्स विसरा, टीटी लाइन बघा. ती कॅल्सिटोनिन हे हॉर्मोन सोडते, पण वाढते फार हळू, सेमिस्टरचा हिशेब त्याप्रमाणे करा.