लीड्सला नर्स म्हणून येतेयस, तर ऊप्स-आउच पाठ करत बसू नकोस

अगं, तू विचारलंस की ओईटी (नर्स-डॉक्टरांची इंग्लिशची परीक्षा) झाली, व्हिसा आला, आता लीड्सला हॉस्पिटल जॉइन करायच्या आधी वॉव, ऊप्स, आउच असल्या इंटरजेक्शन्सची लिस्ट पाठ करू का. नको करूस गं. शाळेत केवलप्रयोगी अव्ययांचा तक्ता घोकला तसं घोकून हे येत नाही. तुला सुई टोचली तर तोंडातून 'आई गं'च निघणार, निघू दे, कुणी काही म्हणत नाही. तुला शिकायचंय ते समोरच्याचे उद्गार ओळखायला, कारण दुखत असलेला माणूस पूर्ण वाक्यं बोलत नाही.

सगळ्यात आधी 'अंहं'. आपलं अंहं म्हणजे नाही, आणि इथे जवळजवळ तसाच ऐकू येणारा आवाज, फक्त शेवटी सूर वर गेलेला, म्हणजे चक्क हो! त्यांचं नाही म्हणजे 'अ-अ', मधे घसा क्षणभर बंद होतो आणि सूर खाली येतो. आता ऑक्सिजन मास्क लावलेल्या आजोबांना तू 'आर यू इन पेन?' विचारलंस आणि ते मास्कमधूनच काहीतरी हुंकारले, तर अंदाजाने चार्टवर लिहू नकोस, 'इज दॅट अ यस?' असं सरळ विचार. आणि तू स्वतः येस किंवा नोच म्हण, मान हलवून किंवा अंहं करून उत्तर देऊ नकोस.

दुसरं आपलं 'च्च्'. कुणाचं दुखलं की आपण कळवळून च्च् च्च् करतो, पण इंग्लिश माणसाला तोच आवाज वैतागल्यासारखा, नाराजीचा वाटतो. जखम बघून तू मायेने च्च् केलंस तरी आजींना वाटेल ही आपल्यावर चिडली. त्याऐवजी 'ओ डिअर' म्हण, पण हळू आवाजात आणि तोंडाकडे बघून. ही सवय मोडायला वेळ लागतो म्हणून आत्तापासूनच लक्ष ठेव.

'यू ऑलराइट, लव्ह?' हे नुसतं हॅलो आहे, तब्येतीची चौकशी नाही, 'ऑलराइट, यू?' म्हणून पुढे जायचं. लव्ह म्हटलं म्हणून दचकू नकोस, यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्या भागात, दुकानदार, बस ड्रायव्हर सगळेच म्हणतात. 'ए अप' म्हणजे पण हॅलो, 'ता' म्हणजे थँक्यू, 'आय' म्हणजे हो.

नातेवाइकांना काही समजावत असताना ते लांबवून 'राऽऽइट' म्हणाले तर बऱ्याचदा त्यांना पटलेलं नसतं किंवा कळलेलं नसतं, तिथे थांबून परत सांग. ऐकू आलं नाही तर 'व्हॉट?' नको, 'सॉरी?' म्हण. पेशंट 'ब्लडी हेल' म्हणतील, म्हणू देत, तू नाही म्हणायचं, आणि 'जीझस' तर अजिबातच नको, चर्चला जाणारी म्हातारी माणसं खरंच दुखावतात.

आणि ते ऊप्स! घरी चमचा पडला तर खुशाल म्हण, पण इंजेक्शन देताना किंवा ड्रेसिंग करताना चुकूनही नको, पेशंटला दिसत नसतं तू काय करतेयस ते, तो घाबरतो. वॉर्ड कुठला मिळाला ते कळव, लहान मुलांचा असेल तर वेगळं सांगावं लागेल.