शाळेजवळ जंगल नाही, सहलीला पैसे नाहीत. तिसरीच्या मुलांना निसर्गाची ओढ कशी लावावी?

सहलीची चिंता सोडा. तुम्ही लिहिलंय की कुंपणालगत कढीपत्ता, एक लिंबोणी आणि बाकी नुसतं तण आहे. तिसरीच्या वर्गाला एवढं वर्षभर पुरतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्षातून एकदा दूर अभयारण्यात नेलेल्या मुलांच्या लक्षात बसमधली गाणी राहतात, आणि दर आठवड्याला त्याच झाडापाशी जाणारी मुलं ते झाड आपलं मानायला लागतात.

पाऊस स्थिरावला की दोन्ही झाडांची कोवळी पानं बघायला लावा. 'कॉमन लाइम' फुलपाखरू तिथे खसखशीएवढं, फिकट पिवळं अंडं घालतं. त्यातून निघालेली अळी काळपट-तपकिरी, अंगावर पांढरे डाग, थेट पक्ष्याची शीट. मुलं "शी!" करून मागे सरतात आणि तेवढ्यात ती शीट चालायला लागते! मोठी झाली की तीच अळी हिरवीगार होते. गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुशिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. असं का करते, ते लगेच सांगू नका. आठवडाभर त्यांनाच तर्क लढवू द्या.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५ साली जाहीर झालं) लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं, हेही मुलांना सांगा. मग ती लिंबोणीकडे वेगळ्याच आशेने बघतात.

चार-पाच जणांचा गट करा, प्रत्येक गटाला एक फांदी द्या आणि खुणेला सुतळी बांधा. वहीत तारीख आणि चित्र, बस्स. चित्र वेडंवाकडं आलं तरी खोडायला लावू नका.

एक प्रसंग हमखास येईल. अळी दिसेनाशी होते, किंवा मुलांच्या डोळ्यांदेखत गांधीलमाशी तिला उचलून नेते. "बाई, तिला डब्यात ठेवूया ना!" असा आग्रह होतो. मी ठेवू देत नाही. बहुतेक अळ्या कोणाच्या तरी पोटातच जातात, आणि गांधीलमाशीलाही पिल्लं असतात. हे आठ वर्षांच्या मुलाला पेलतं. रडलं तर रडू द्या, जवळ घ्या, पण खोटं सांगू नका.

जपायचं एवढंच: रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, गाजरगवताला हात लावू देऊ नका, दाट गवतात आधी काठी आपटा.

मुख्याध्यापक "पोर्शन राहील" म्हणाले, तर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलंय, याची आठवण द्या. वेगळा तास मागूच नका. परिसर अभ्यासाची तासिका बाहेर घ्या.

आणि गवत कापायला माणूस येईल, त्याला कुंपणालगतचा पट्टा सोडायला आधीच सांगून ठेवा. कढीपत्त्यावर औषध तर कोणालाच मारू देऊ नका.