पाय टाकू नकोस

चि. स्टॉपरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. एजंटला तुझ्या फुटबॉलचा तीन मिनिटांचा व्हिडिओ हवाय, आणि अख्ख्या सीझनचं शूटिंग चाळूनही तुझ्यासारख्या, गोलसमोर राहून हल्ला अडवणाऱ्या स्टॉपरला दाखवण्याजोगं काही सापडेना. घसरत जाऊन चेंडू काढलेलं एक स्लायडिंग नाही की गोललाइनवरून काढलेला एक चेंडू नाही. म्हणून आता जरा ‘दिसेल असं’ खेळू का, की सरळ विंगला, कडेने हल्ला करायला जाऊ, असं विचारतोस.

आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. अरे, गेल्या रविवारी पोलो ग्राउंडवर मी गोलच्या मागेच उभा होतो! तो बुटका विंगर टचलाइनवरून सुटला. तू धावत गेलास आणि हातभर अंतरावर थांबलास. गुडघे वाकलेले, अंग तिरकं, टाचा उचललेल्या. आतली वाट बंद, लाइनची उघडी. त्याने दोनदा खांदा पाडला, तू फसला नाहीस. तोवर आपला मधल्या फळीतला हाफ मागे आला आणि विंगरने मुकाट्याने चेंडू मागे दिला. टाळी कोणी वाजवली नाही. बाहेरची मंडळी मॅचनंतर शेव-उसळ कुठे खायची यावर भांडत होती. तेच तू घसरून गेला असतास आणि हुकला असतास, तर तू मातीत, पुढे एकटा कीपर. शिवाय आपल्या मैदानावर मे महिन्यात मांडीची सालटी निघतात ती वेगळीच.

पाय टाकू नकोस. उतावीळपणे चेंडूवर झेपावायचं नाही. दुसरा उपायच उरला नाही तर जरूर घसर, पण कॅमेऱ्यासाठी नाही.

तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या भारताचा स्टॉपर जर्नेलसिंग, त्याचंच घे. १९६२, जकार्ताचं एशियाड. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. कोच रहीमसाहेबांनी सेमीफायनलला आणि फायनलला त्याला फॉरवर्ड म्हणून पुढे खेळवलं, त्याने दोन्हीत गोल मारला, दक्षिण कोरियाला २-१ हरवून आपण सुवर्ण आणलं. खणखणीत स्टॉपर माणूस, पण सगळे सांगतात ते त्याच्या गोलाचंच. मागे राहून त्याने काय काय अडवलं ते विचार कोणाला! आणि या बडोद्यात तर क्रिकेट सोडून काही सांगायला जावं तर लोक घड्याळ बघतात.

म्हणून काय पाय टाकायचा? २००६चा वर्ल्ड कप काढून बघ. इटलीने सात सामन्यांत दोन गोल खाल्ले. एक स्वतःच्याच खेळाडूचा स्वयंगोल, दुसरी फायनलमधली फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. चालत्या खेळात समोरच्या एकालाही गोल करता आला नाही. कप्तान कानाव्हारो, उंची जेमतेम पावणेसहा फूट, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर त्यालाच, वयाच्या ३३व्या वर्षी. इटलीचाच बॅक माल्दिनी चाळिशी ओलांडेपर्यंत मिलान क्लबकडून ९०२ सामने खेळला. बॅक उशिरा पिकतो रे. तू एकोणिसाव्या वर्षी घायकुतीला आलास.

तुम्ही कुठवर पोचलात, असं मनात येत असेल. येऊ दे. राज्याच्या निवडीत एका साहेबांनी माझ्या नावापुढे ‘खेळात दिसत नाही’ असा शेरा मारला होता. त्या दिवशी माझ्या वाट्याच्या फॉरवर्डला गोलवर एक शॉट मारता आला नव्हता, पण ते लिहायला वहीत रकाना नव्हता. पुढे कोलकात्याचं बोलावणं आलं, मी गेलो नाही, रेल्वेची नोकरी धरली. दांडिया बाजारात अजून कोणीतरी भेटतोच, ‘गेला असतात तर...’ म्हणणारा. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी भावंडं शाळेत. तेव्हा उठून जाणं म्हणजे पाय टाकणंच होतं. मी उभा राहिलो, आणि आजही तेच करेन. एखाद्या खरोखर मोठ्या स्ट्रायकरसमोर नव्वद मिनिटं उभं राहायचं राहून गेलं, ते मात्र सलतं. तुला मिळावं म्हणून तर एवढा ओरडतोय.

आता व्हिडिओचं. समोरच्याने नाइलाजाने चेंडू मागे दिला, त्या जागा शोध. त्याच तुझ्या क्लिप. प्रत्येक क्लिप हल्ला सुरू व्हायच्या आधीपासून ठेव, म्हणजे तू मान वळवून मागचा माणूस कधी हेरलास ते दिसेल. हेडर घाल, डाव्या पायाचे लांब पास घाल. हल्ली स्टॉपरला चेंडू खेळवता आला पाहिजे. आणि सोबत एक अख्खा सामना न कापता पाठव. जो कोच तो उघडून बघेल, त्याच्याकडे जायचं.

एजंटने ‘रजिस्ट्रेशन’चे म्हणून पैसे मागितले, तर सही करायच्या आधी मला फोन कर. तिथेही पाय टाकायचा नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन ये, कुठल्या क्लिप ठेवायच्या ते भांडून ठरवू.

तुझा,
सर