पदवी अर्धवट आहे, बायोडेटात शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचे दोन पेपर राहिलेत, बडोद्यात अकाउंट्सची नोकरी शोधताय, तर नुसतं ‘बी.कॉम.’ लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. मी लिहिलं होतं, म्हणून सांगतो.

माझीही तिसऱ्या वर्षाची एटीकेटी राहिली होती. वडील आजारी पडले आणि मी परीक्षेला बसलोच नाही. पुढे एका मोठ्या कंपनीत मुलाखत छान झाली, पगार ठरला, आईने देवापुढे पेढे ठेवले. रुजू व्हायच्या आठवडाभर आधी त्यांनी पदवी प्रमाणपत्राची प्रत मागितली. मला काम येतं हे त्यांनी पाहिलं होतं, पण एक गोष्ट खोटी निघाल्यावर बाकीची त्यांनी खरी का मानावी? नोकरी गेली. पेपर राहिल्याची लाज वाटत होती, ती त्या दिवशी दुप्पट झाली.

नंतर मी सरळ लिहायला लागलो : ‘बी.कॉम. तृतीय वर्ष, दोन विषय बाकी’. ही ओळ बायोडेटाच्या शेवटी. सगळ्यात वर, मला काय येतं ते : टॅली, बँक रिकन्सिलिएशन (बँकेचा आणि आपला हिशोब जुळवणं), जीएसटी रिटर्न, ई-वे बिल (माल पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद).

अर्ज कुठे करता यावरही बरंच अवलंबून आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘ग्रॅज्युएट’ सक्तीचं असेल तर तुमचं नाव माणसापर्यंत पोचतच नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मात्र असे कितीतरी छोटे कारखाने आहेत जिथे मालक स्वतः समोर बसतो. मी तिथे बायोडेटा घेऊन गाळ्यागाळ्यांत फिरलो. एका शेठनी शिक्षणाची ओळ वाचली, मान हलवली आणि विचारलं, “काम आवडे छे?” आपल्या घरात मराठी बोलणाऱ्यांनी इथे सावध राहावं. गुजरातीत ‘आवडे’ म्हणजे ‘येतं का’. आवडतं का यासाठी ते ‘गमे’ म्हणतात. मग पुढचा प्रश्न आला : मुंबईच्या पार्टीला बिल करायचंय, टॅक्स कुठला लावशील? मी म्हटलं, आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात विक्री केली की लागणारा जीएसटी), आणि माल 50,000 रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल. पुढे विचारलं, महिन्याचं रिटर्न कधी? मी सांगितलं, विक्रीच्या तपशिलाचं जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, कर भरायचं जीएसटीआर-3बी 20 पर्यंत. दहा मिनिटांत नोकरी मिळाली. पगार कमी होता, पण दोन वर्षांनी हातात अनुभवाचं पत्र होतं आणि पुढच्या ठिकाणी बोलणं त्या पत्रापासून सुरू झालं.

सरकारी परीक्षांचं गणित वेगळं आहे. बँक ऑफ बडोदाच्या गावातल्या मराठी घरांत बँकेची नोकरी म्हणजे आयुष्य मार्गी लागलं असं अजून मानतात, पण सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कच्या परीक्षेलाही पदवी पूर्ण लागते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) घेते ती सीजीएल परीक्षाही पदवीधरांसाठीच आहे. त्यांचीच सीएचएसएल परीक्षा मात्र बारावीवर देता येते. वयोमर्यादेच्या आत असाल तर तो फॉर्म भराच.

आणि ते दोन पेपर सोडून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. नोकरी शोधायच्या आधी एकदा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन विचारा, तुमच्या बॅचला अजून बसता येतं का. मुदत संपली असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे, नोकरी करत शिकता येतं. मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पेपर दिले. रात्री जेवण झालं की ओट्यावर वही ठेवून बसायचो, आई शेजारी भाजी निवडत बसायची.

तुमचे राहिलेले विषय कुठले ते कळवा. कॉस्टिंग असेल तर माझ्या नोट्स अजून आहेत, देईन.