गरोदर बाईला फाशी होऊ शकते का?

तुम्ही विचारलंय की भारतात गरोदर बाईला फाशी देता येते का, आणि येत नसेल तर फाशी चुकवण्यासाठी कोणी मुद्दाम गरोदर राहिली तर काय. मी मुंबईत फौजदारी वकिली करते, काळा घोड्याजवळच्या सत्र न्यायालयात रोजचं येणं-जाणं असतं, आणि हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

फाशी देता येत नाही. शिक्षा सुनावली जाऊ शकते, कारण सत्र न्यायाधीशांना तसं करायला कायदा मनाई करत नाही. पण फाशीची शिक्षा झालेली बाई गरोदर आहे असं आढळलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या आत्ताच्या कायद्याच्या) कलम 456 प्रमाणे हायकोर्टाने तिची शिक्षा जन्मठेपेत बदललीच पाहिजे. गुन्हा किती भयंकर, मेलेले किती, लोक किती चिडलेत, यातलं काहीही तिथे मोजलं जात नाही. शिवाय सत्र न्यायालयाची कुठलीही फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही, त्यामुळे कागद तिथे जायचेच असतात.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशा बाईची फाशी पुढे ढकलायची आणि हायकोर्टाला वाटलं तर शिक्षा कमी करायची, अशी सोय होती. 1973 च्या नव्या संहितेत कलम 416 म्हणून तेच उतरलं. याचा अर्थ नीट बघा: बाई बाळंत होऊ द्यायची आणि मग तिला फासावर चढवायचं, हे आपल्या कायद्यात बसत होतं. पोटातलं मूल निरपराध म्हणून ते वाचवायचं, पण जन्मल्यावर ते कुणाच्या कुशीत निजणार याचा विचार कायद्याने केलेला नव्हता. 2008 च्या दुरुस्तीने पुढे ढकलण्याची भाषा काढून टाकली आणि जन्मठेप सक्तीची केली. ही दुरुस्ती 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाली. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

ही कल्पना मूळची इंग्लंडची. तिथे जुन्या काळी फाशीची शिक्षा झालेल्या बाईने आपल्याला दिवस गेलेत असं सांगितलं, की बायकांचीच ज्युरी बसवत. पोटात बाळ हालतंय असं त्यांनी सांगितलं तर बाळंतपणापर्यंत फाशी थांबे. 1931 साली तिथे कायदा करून फाशीऐवजी थेट जन्मठेप आणली. आपण तिथवर पोचायला आणखी 78 वर्षं घेतली. बांगलादेशात अजून ते 1898 चंच कलम आहे. चीनमध्ये खटल्याच्या वेळी गरोदर असलेल्या बाईला फाशी सुनावताच येत नाही, म्हणजे या एका बाबतीत त्यांचा नियम आपल्यापेक्षा एक पायरी आधी लागू होतो. आणि नागरी व राजकीय हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 साली सामील झाला, त्याच्या सहाव्या कलमातच गरोदर बाईला फाशी देऊ नये असं म्हटलेलं आहे.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. हे कलम दिसायला भक्कम आहे, पण त्याचा फायदा प्रत्यक्षात मिळणं फार अवघड आहे. गरोदरपण नऊ महिन्यांचं आणि आपल्याकडे खुनाचा खटला चालतो वर्षानुवर्षं. बाई अटकेच्या वेळी गरोदर असेल, तर निकाल लागेपर्यंत मूल चालायला-बोलायला लागलेलं असतं. कायदा शिक्षेनंतरचं पोट बघतो, अटकेच्या वेळचं नाही.

राजीव गांधी हत्येच्या खटल्यातली नलिनी 1991 मध्ये अटक झाली तेव्हा गरोदर होती. मुलगी कैदेतच जन्मली. फाशी सुनावली गेली जानेवारी 1998 मध्ये, तेव्हा कलम 416 तिच्या काही कामाचं नव्हतं. सुप्रीम कोर्टात 1999 साली न्यायमूर्ती थॉमस यांनी त्या लहान मुलीचा विचार करून नलिनीला फाशी नको असं मत दिलं, पण ते अल्पमत ठरलं. पुढे 2000 साली राज्यपालांकडून तिची शिक्षा जन्मठेपेत बदलली. उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याच्या 2008 च्या सात खुनांच्या खटल्यातही तसंच. आरोपी बाई गुन्ह्याच्या वेळी गरोदर, मुलगा त्याच वर्षी तुरुंगात जन्मला, फाशी लागली 2010 मध्ये. 2020 साली तिची पुनर्विचार याचिकाही सुप्रीम कोर्टाने फेटाळली. गुन्हा भयानकच होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण खटला दोन-चार महिन्यांत संपला असता, तर तेव्हाच्या कायद्याने निदान तिची फाशी थांबवावी लागली असती आणि ती जन्मठेपेत बदलायची वाट मोकळी असती. मूल पोटात असताना जी दया कायदा आता सक्तीने दाखवतो, ती मूल मांडीवर आलं की न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडली जाते. मला हे पटत नाही. दोन वर्षांच्या पोराला आईची गरज पोटातल्या बाळापेक्षा कमी असते का?

मोफत विधी साहाय्याच्या कामासाठी मी भायखळ्याच्या महिला तुरुंगात जाते. खुनाच्या आरोपातली एक कच्ची कैदी, सातवा महिना लागलेला. वकीलपत्रावर अंगठा उठवला, बोटाची शाई पदराला पुसत राहिली आणि म्हणाली, "ताई, मला फाशी लागली तर याला माझ्याआधी बाहेर काढतील ना?" मी तिला सगळं समजावून सांगितलं: तुझ्या खटल्यात फाशीची शक्यता जवळजवळ नाही, मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तुझ्याजवळ राहू शकतं, जन्मदाखल्यावर जन्माचं ठिकाण म्हणून तुरुंग लिहीत नाहीत. (मुलाबद्दलचं हे सगळं सुप्रीम कोर्टाने 2006 साली आर. डी. उपाध्याय खटल्यात घालून दिलंय.) तिने मान हलवली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

बाळंतपणासाठी जामीनही मागता येतो. 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने एका गरोदर कैदी बाईला सहा महिन्यांचा जामीन दिला, तो तुरुंगात बाळंतपण झाल्यास मूल आणि आई दोघांवर परिणाम होतो हे लक्षात घेऊनच.

मुद्दाम गरोदर राहण्याचं म्हणाल, तर फाशी लागलेली बाई बायकांच्या बराकीत बंद असते आणि घरच्यांची भेट पहाऱ्यात होते. तिला तुरुंगात दिवस गेले तर पहिला प्रश्न तिच्या हेतूचा नसतो. तिच्यापर्यंत कोण पोचलं हा असतो. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने पदाचा गैरफायदा घेऊन कैदी बाईशी संबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. लोक हा प्रश्न हसत हसत विचारतात, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

आणि जन्मठेप म्हणजे सुटका नव्हे. खुनासारख्या गुन्ह्यात किमान 14 वर्षं पुरी झाल्याशिवाय सरकार तिला माफी देऊन सोडू शकत नाही, त्यानंतरही सोडेलच असं नाही.

तुमच्या ओळखीत खरंच अशी कोणी असेल तर थांबू नका. तुरुंगाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून कागदावर नोंद करून घ्या आणि तिचा अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत हायकोर्टात पाठवायला सांगा. वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.