अंगण-परसाचे प्रश्न : कंपोझिट फळ्यांचं आडोशाचं कुंपण

प्रश्न : आमचं घर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात) आहे. रस्त्याकडून ३० फूट आणि न्हाणीघराकडून ३० फूट असं काटकोनात, सहा फूट उंच कंपोझिटचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्यांचं) कुंपण करायचं आहे. आधीचे सिमेंटचे खांब दोन पावसाळ्यांत तिरपे झाले. खांब कसे आणि केव्हा रोवावेत? सामान किती लागेल?

उत्तर : तुमचे आधीचे खांब वाऱ्यानं नव्हे, मातीनं वाकवले असणार. भारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि दरवर्षी खांबाला वर-खाली हलवते. म्हणून फळी कोणती घ्यायची याआधी खांबाचा विचार करा आणि पैसे कमी पडत असतील तर फळीत वाचवा, खांबात नको.

पऱ्हाट्या-तुराट्यांच्या (कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) कुडातून वारा आरपार जातो, काटेरी तारेतून तर जातोच. आडोशाचं कुंपण मात्र सगळा वारा अंगावर घेतं. अवकाळी वादळात वारा ताशी १०० किलोमीटरला पोचला तर सहा बाय सहा फुटांच्या एका गाळ्यावर (दोन खांबांमधल्या भागावर) साधारण १८० किलोचा रेटा येतो आणि तो सगळा खांबाच्या बुडाशी तोलला जातो. खांबाला ५० बाय ५० मि.मी.चा, २ मि.मी. जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप घेतला तर तो एवढ्यानं वाकतो. ६० बाय ६०, ३ मि.मी. जाडीचा टिकतो. दुकानात जाडी सांगतात एक आणि निघते दुसरी, त्यामुळे पाइप तोलून घ्या. ६० बाय ६०चा ६ मीटरचा ३ मि.मी. पाइप सुमारे ३२ किलो भरायला हवा. २२ किलोच भरला तर तो २ मि.मी.चाच आहे. उंची सहाऐवजी पाच फूट चालत असेल तर बुडाचा ताण जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. न्हाणीकडे सहा फूटच ठेवा, रस्त्याकडे पाच पुरेल का ते पाहा.

खड्डे नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. तेव्हा मातीत ओल मध्यम असते. मे महिन्यात माती आकसलेली असते, त्या वेळी रोवलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात वर उचलला जातो. जुलैत खड्ड्याच्या कडाच उभ्या राहत नाहीत.

खड्डा १२ इंच व्यासाचा आणि साडेतीन फूट खोल. तळाशी सब्बलीनं चहूबाजूंनी दोन-दोन इंच कोरून तो रुंद करा, म्हणजे काँक्रीटचा पाया खालच्या, कमी हलणाऱ्या मातीत अडकून बसतो. वरचं तोंड मात्र रुंद होऊ देऊ नका. तोंडाशी काँक्रीट छत्रीसारखं पसरलं की फुगणारी माती त्याला खालून ढकलते, आणि खांब उपटण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण असतं. वरच्या दीड फुटात खड्ड्याच्या भिंतीला जाड प्लास्टिकचा कागद दुहेरी लावा. माती काँक्रीटला न चिकटता त्यावरून सरकते.

तळाशी नुसती गिट्टी टाकण्याची सवय मुरमाड जमिनीसाठी ठीक आहे. काळ्या मातीतून पाणी झिरपत नाही, ते त्या गिट्टीत साचतं आणि खालची माती फुगवत राहतं. त्याऐवजी तीन इंच साधं काँक्रीट घाला, त्यावर पाइप ठेवा, ओळंब्यात धरा आणि दोन बाजूंनी बांबूचे टेकू द्या. मग १ : १॥ : ३ या प्रमाणात सिमेंट, रेती, गिट्टीचं काँक्रीट भरा आणि सळईनं ठोसत जा. ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

खारपाणपट्ट्यात एक गोष्ट जास्तीची. बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका आणि पाणी मारायलाही नको. त्यातले क्षार लोखंड गंजवतात. नळाचं गोडं पाणी टाकीत भरून ठेवा. पाइप जमिनीतून बाहेर येतो ती जागा सगळ्यात आधी सडते, म्हणून खाली सहा इंच आणि वर चार इंच एवढ्या पट्ट्याला डांबराचे दोन हात द्या. कापलेल्या टोकांना आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा रंग लावा. पाइपच्या डोक्यावर टोपी बसवायची राहून गेली तर पाणी आत साचून पाइप आतून जातो, आणि ते बाहेरून दिसतही नाही.

सामान असं : ६० फुटांत दहा गाळे, कोपरा सामाईक धरून ११ खांब. ६ मीटरच्या एका पाइपमधून तीन-तीन मीटरचे दोन खांब निघतात (एक मीटर जमिनीत, दोन मीटर वर), म्हणजे सहा पाइप. सिमेंट आठ गोण्या. फळी ६ इंच रुंद आणि १.८ मीटर लांब धरली तर गाळ्याला १२, एकूण १२०, वर पाच-सहा जादा. मात्र खाच बसल्यावर उघडी राहणारी रुंदी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दोन फळ्या एकमेकींत बसवून मोजा, मगच संख्या ठरवा. फळ्यांची टोकं धरायला ॲल्युमिनियमचं यू चॅनेल प्रत्येक गाळ्याला दोन, म्हणजे २० नग. १२ फुटी लांबीतून दोन निघतात, तेव्हा १० लांब्या. खालची आणि वरची पट्टी दहा-दहा. खालची पट्टी ॲल्युमिनियमचीच घ्या, नाहीतर बारा फळ्यांच्या वजनानं तळची फळी मधोमध झोळ खाते.

आखणीत बहुतेक जण एका ठिकाणी चुकतात : खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत सहा फूट धरतात. १८०० मि.मी.ची फळी, दोन्ही टोकांना पाच-पाच मि.मी. मोकळीक, चॅनेलची जाडी दोन-दोन मि.मी. आणि खांबाची रुंदी ६० मि.मी. मिळून मध्य ते मध्य १८७४ मि.मी. होतात. म्हणजे ३० फुटांत पाच पूर्ण गाळे बसतच नाहीत. प्रत्येक बाजूचा एक शेवटचा गाळा सुमारे ११ इंच आखूड करा आणि त्याच्या फळ्या कापा. आखूड गाळा मागच्या टोकाला ठेवा, रस्त्याकडे डोळ्यांत येतो.

काँक्रीटवर गोणपाट टाकून किमान सात दिवस, ऊन कडक असेल तर दहा दिवस पाणी मारा. त्यानंतरच फळ्या चढवा. फाटकाचे खांब या हिशेबात नाहीत. ते ८० बाय ८०, ४ मि.मी.चे, १८ इंच व्यासाच्या चार फूट खड्ड्यात घ्या, आणि कुंपणाचा खांब फाटकाला कधीही वापरू नका.

प्रश्न : ब्रह्मपुरीजवळ डिसेंबरात बसवलेल्या करड्या फळ्यांना मे महिन्यात पोट आलं. काही तर खाचेतून निसटल्या. माल खराब आहे का?

उत्तर : माल चांगला असला तरी हे होतं. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण, आणि प्लास्टिक उन्हात लाकडापेक्षा बरंच जास्त वाढतं. एक मीटर फळी तापमान दहा अंशांनी चढलं की जवळपास अर्धा मि.मी. लांबते. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या उन्हात गडद फळीच्या अंगाचे ६५ अंश धरले तर १.८ मीटरची फळी साधारण साडेचार मि.मी. वाढते. आकडा किरकोळ वाटतो. पण दोन्ही टोकं अडलेली असतील तर तेवढ्यानं मधोमध दोन इंचांचं पोट येऊ शकतं.

थंडीच्या सकाळी वरची पट्टी सोडवा, फळ्या काढा आणि प्रत्येकीचं एक टोक आठ ते दहा मि.मी. बारीक दाताच्या पात्यानं कापा. वाकलेल्या फळ्या सपाट फरशीवर पोट वर करून उन्हात ठेवा आणि त्यांवर विटा रचा. बऱ्याचशा सरळ होतात. परत बसवताना फळीतून चॅनेलमध्ये स्क्रू मारू नका, फळी खाचेत मोकळी हलली पाहिजे. उंचीतही हीच वाढ होते, तेव्हा सगळ्यात वरची फळी आणि वरची पट्टी यांत सहा मि.मी. जागा सोडा. ही जागा जवळजवळ कुणीच सोडत नाही.

मात्र एक तपासणी आधी करा. भरीव तुकडा कापून बादलीभर पाण्यात टाका. बाहेर वापरायचं दाट कंपोझिट बुडतं. तुकडा तरंगला आणि कापल्या जागी बारीक बुडबुडे दिसले, तर तो दाराच्या चौकटींसाठी आणि फर्निचरसाठी विकला जाणारा पीव्हीसी फोम बोर्ड आहे. तो आपल्या उन्हात मऊ पडतो, कितीही मोकळीक सोडली तरी.

प्रश्न : यवतमाळकडे आमच्या आवारात दीड फुटावर काळा दगड लागतो. खांब कसे उभे करू?

उत्तर : दगड लागला हे बरंच झालं, तो काळ्या मातीसारखा हलत नाही. दगडापर्यंत दीड बाय दीड फुटाचा खड्डा घ्या. कॉम्प्रेसरवाल्याकडून दगडात ३२ मि.मी.ची चार छिद्रं एक फूट खोल पाडून घ्या. फुंकणीनं त्यांतली भुकटी पूर्ण काढा, कारण भुकटी राहिली तर सळई हातानं निघून येते. १६ मि.मी.च्या सळ्या न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये (छिद्रं भरायच्या सिमेंटच्या पातळ मिश्रणात) बसवा, त्या खड्ड्यात सव्वा फूट वर राहू द्या, मधे पाइप उभा करून काँक्रीट भरा. दगड खरंच अखंड आहे की सब्बलीनं सुटणारा कच्चा मुरूम आहे, ते आधी पाहा. घट्ट मुरूम असेल तर खणत जा. अडीच फूट मिळाले तर सळ्यांचा खर्च वाचतो.

प्रश्न : तिरोडा भागात वाळवी फार. कंपोझिटला लागते का? आणि पावसाळ्यात काळे ठिपके येतात ते काय?

उत्तर : भुसा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असल्यानं वाळवी फळी सहसा खात नाही. फळीवरून मातीची नळी नेऊन पलीकडचं लाकूड मात्र खाते. त्यामुळे पोकळ कंपोझिट खांबात आधाराला सागाची किंवा बाभळीची बल्ली घालू नका, तिथे लोखंडच हवं. ठिपके बुरशीचे आहेत. कापलेल्या टोकाशी भुसा उघडा पडतो आणि ओल धरतो. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरेसं आहे, तारेचा ब्रश वरचा थर ओरबाडतो. नवीन घेणार असाल तर चारही अंगांनी प्लास्टिकचं आवरण असलेली फळी घ्या आणि ती जमिनीपासून दोन इंच वर ठेवा.

प्रश्न : मागे सांदवाडीत गोठा आहे, रानडुकरंही येतात. तिकडेही हेच कुंपण चालेल का? शेजाऱ्याशी हद्दीचाही थोडा वाद आहे.

उत्तर : नाही. म्हैस अंग घासायला लागली की पोकळ फळी तडकते. गोठ्याच्या बाजूला पऱ्हाट्या पेटवणं, शेकोटी, उकिरड्याचा धूर हे चालूच असतं, आणि कंपोझिट आगीजवळ वितळतं. कंपोझिट घराच्या आडोशापुरतं ठेवा. मागे लोखंडी कोनांवर साखळी जाळी बांधा, ती एक फूट जमिनीत पुरा आणि बाहेरच्या अंगाला वळवून वर दगड रचा, म्हणजे डुकराला मुसंडी घालून खालून शिरता येत नाही.

हद्दीचं आधी मिटवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, त्यावरून हद्द ठरत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यासमोर खुणा करून घ्या आणि खड्डे त्या रेषेच्या एक फूट आत घ्या. पलीकडून फळी पुसायला आणि बदलायला तेवढी जागा लागते.