ओव्हन दोन सेंटीमीटर बाहेर राहतोय? ती पट्टी लावू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझंच टॉल युनिट, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतचं उंच कपाट, आठवलं. तुम्ही बॉक्स (कपाटांचे सांगाडे), शटर (त्यांची दारं), ट्रॉल्या सगळं स्वतः बसवलंत, ६०० मिमीच्या युनिटमध्ये बिल्ट-इन ओव्हन सरकवलात आणि तो शेवटचे दोन सेंटीमीटर आत जाईचना. आता भोवती लॅमिनेटची पट्टी मारून फट झाकावी का, असं तुम्ही विचारताय. कृपा करून झाकू नका. मी नेमकं तेच केलं होतं आणि पुढचे आठ महिने निस्तरत बसले.

लेव्हल काढणं, जमिनीच्या सगळ्यात उंच जागेपासून सुरुवात करणं, बॉक्स आधी क्लॅम्पने आवळून मग स्क्रू मारणं, यावर काही लिहीत नाही. एवढं बसवलंय म्हणजे ते तुम्हाला येतं.

रुंदीत तुमचं काही चुकलेलं नाही. दोन्ही बाजूंचा १८ मिमी प्लाय वजा केला की आत ५६४ मिमी उरतात, आणि ६० सेंटीमीटरच्या बहुतेक ओव्हनना ५६० ते ५६८ चा खणच लागतो. ओव्हनचं तोंड साधारण ५९५ चं असतं, ते बॉक्सच्या कडांवर टेकतं. अडतंय ते खोलीच्या, म्हणजे पुढून मागेपर्यंतच्या मापात. ओव्हनला आत किमान ५५० मिमी मोकळे हवेत. तुमचा बॉक्स ५६०-५८० चा असेल, तर त्यातच मागची फळी, सॉकेट, सॉकेटातला प्लग आणि प्लगमधून वळणारी वायर. नुसता प्लग आणि वायरचं वळण मिळून चार-पाच सेंटीमीटर खातात. तुमचं सॉकेट ओव्हनच्या बरोबर मागे असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

माझंही तिथेच होतं. जुना पॉइंट तिथे होता आणि भिंत पुन्हा फोडायची नव्हती. ओव्हन पुढे राहिला म्हणून लॅमिनेटला जुळणारी पट्टी कापली, चारही बाजूंनी बसवली, वर सिलिकॉन भरलं. दिसायला इतकं नीट झालं होतं की काम संपलं असंच वाटलं. दहा-पंधरा मिनिटांच्या वापरात काही कळलं नाही. पण पाऊण तास काही भाजायला ठेवलं की ओव्हन मध्येच बंद पडायचा आणि गार झाला की आपोआप सुरू व्हायचा. मग शेजारच्या शटरची एज बँडिंग, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, सुटू लागली. तो चिकटवायचा गोंद उष्णतेने मऊ होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

इथून सुरू झाला सेवा विभागाचा फेरा. पहिल्यांदा आलेल्या माणसाने दहा मिनिटं ओव्हन चालवून पाहिला आणि ठीक आहे म्हणून गेला. दुसऱ्याने कूलिंग फॅन बदलला. तिसऱ्याने विजेच्या दाबावर ठपका ठेवला. तिघांपैकी एकानेही पुढचे स्क्रू काढून ओव्हन बाहेर ओढून पाहिला नाही. मी फोनवर बसवणीचं ड्रॉइंग मागितलं, तर उत्तर आलं की फिटिंग आमच्या माणसाने केलेलं नाही, त्यामुळे माहिती देता येणार नाही. बॉक्स देणारे म्हणाले, तक्रार ओव्हनची आहे, तिकडे विचारा. दर फोनला नवा तक्रार क्रमांक आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. ज्यांच्याकडे ड्रॉइंग असतं त्यांनीच ते देऊ नये, याचा मला आजही राग येतो.

उत्तर शेवटी खोक्यातल्या पुस्तिकेच्या मागच्या पानांत सापडलं. बाण काढलेली लहानशी आकृती होती: हवा खालून आत, ओव्हनच्या पाठीमागून वर, आणि वरून बाहेर. पाठीमागे ५० मिमी मोकळी वाट. ओव्हनमधला पंखा खणातली हवा ओढून बाहेरच्या पत्र्याला आणि इलेक्ट्रॉनिक भागांना गार ठेवतो आणि दाराच्या वरून बाहेर फेकतो. मी मागची फळी तशीच ठेवली होती, पुढून पट्टी आणि सिलिकॉन. पंख्याला ओढायला तापलेलीच हवा मिळत होती. ओव्हन बंद पडत होता तो बिघाडामुळे नाही, जास्त तापला की वीज तोडणारं त्याचं सुरक्षा थर्मोस्टॅट आपलं काम करत होतं.

दुरुस्ती एका दिवसात झाली. पट्टी काढली, त्या खणापुरती मागची फळी काढली, ओव्हन ज्या फळीवर बसतो ती मागून ५० मिमी कापली, युनिटच्या माथ्यावर वाट ठेवली आणि खालच्या स्कर्टिंगला (जमिनीलगतच्या पट्टीला) जाळी बसवली. सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून शेजारच्या बॉक्समध्ये हलवून घेतलं आणि मधल्या बाजूच्या फळीला भोक पाडून वायर नेली. ओव्हन आपसूक कडेला टेकला. तेव्हापासून एकदाही मध्येच बंद पडलेला नाही. फळी काढल्यावर युनिट सैल होतं, म्हणून बाकीच्या खणांच्या फळ्या राहू द्या आणि माथा ब्रॅकेटने भिंतीला पक्का करा.

मी इलेक्ट्रिशियन नाही, हे आधीच सांगते. पण ३ किलोवॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. वेगळी लाइन, नीट अर्थिंग, आणि ओव्हन न काढता हात पोचेल असा स्विच. हे जाणकाराकडूनच करून घ्या. गॅसच्या जोडणीबद्दल मी कुणालाच सल्ला देत नाही. माझी मापंही प्रमाण मानू नका. तुमच्या मॉडेलच्या ड्रॉइंगमध्ये वेगळं असेल तर तेच खरं. आणि कुणी अजून सुरुवात केली नसेल तर माझं ठाम मत आहे: उपकरणाचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय एकही फळी कापू नका. माहितीपत्रकातलं ‘६० सेमी’ खोलीबद्दल काहीच सांगत नाही.

डिशवॉशर पुढच्या आठवड्यात बसवणार म्हणताय, म्हणून तेही सांगते. ओटा दगडी असेल तर वर स्क्रू बसत नाही. बाजूच्या बॉक्सना ब्रॅकेटने बांधा, नाहीतर भरलेले दोन्ही ट्रे बाहेर ओढले की मशीन पुढे कलतं. सांडपाण्याचा पाइप ओट्याच्या खालच्या पातळीपर्यंत वर नेऊन मग खाली आणा, म्हणजे सिंकचं पाणी उलटं येत नाही. खोक्यात वाफेपासून बचावाची चिकटपट्टी असेल तर ती फेकू नका, ओट्याच्या पुढच्या कडेखाली लावा.

भिंतीपासून बॉक्सच्या पुढच्या कडेपर्यंतचं माप, आणि सॉकेट प्लगसकट भिंतीतून किती बाहेर येतं, एवढं कळवा. त्यावरून फळी कापून भागेल की सॉकेट हलवावंच लागेल ते सांगता येईल. तोवर ओव्हन दोन सेंटीमीटर बाहेर दिसला तर दिसू द्या, आणि फार वेळ चालवू नका.